चवली-पावलीचा छंद

आमच्या बीड जिल्ह्यात जुन्या माळवदाच्या घराची भिंत पाडायला घेतली, की गड्यांचे हात एकदम सावकाश चालू लागतात. कोनाड्यामागे, उंबऱ्याखाली, चुलीमागच्या भिंतीत काही निघेल का, ही आशा ज्याला त्याला असतेच. बहुधा काहीच निघत नाही. एखादं खापर निघतं, गंजलेलं कुलूप निघतं. आणि कधीकधी, मातीनं गच्च भरलेल्या एखाद्या पितळी डबीत चार-दोन नाणी निघतात. त्यांच्यावर चारमिनार उभा असतो, कडेनं फारशी अक्षरं असतात आणि घरातल्या एकालाही ती वाचता येत नाहीत. मग नाणी सराफाकडे जातात, तराजूत पडतात आणि दुसऱ्या दिवशी मुशीत आटतात.

ही नाणी कोणती, त्यांचा सबंध संच कसा जमवावा, आणि तोही माझ्यासारख्या पेन्शनीवर जगणाऱ्या मास्तराच्या ऐपतीत कसा बसवावा, हे आज मला तुम्हांला सांगायचं आहे. छंद म्हटला की श्रीमंतांचं काम, अशी आपली समजूत असते. ती सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण या छंदात पैशाच्या जागी पुष्कळ ठिकाणी धीर चालतो, एवढं मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगू शकतो.

आधी थोडं मागचं. हैदराबाद संस्थानाचं नाणं वेगळं होतं. सरकारी कागदात त्याला उस्मानिया सिक्का म्हणत. लोकांच्या तोंडी त्याचं नाव हाली. इंग्रजी रुपया तो कलदार. सात हालीचे सहा कलदार, हा हिशेब अंगठा उठवणाऱ्या बाईलाही तोंडपाठ असे. पेढीवरचा नेमका भाव सांगायचा, तर १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आष्टी-पाटोद्याकडचा शेतकरी नगरच्या किंवा जामखेडच्या बाजाराला निघाला, की चार कोसांत तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. म्हणून निघण्याआधी हाली मोडून कलदार करून घ्यायचे. येताना उरलेल्या कलदारांचे पुन्हा हाली. बैल तेच, जोंधळा तोच, भाषाही तीच. बदलायचं ते फक्त नाणं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, पण नाणी काही एका रात्रीत गेली नाहीत. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या शेजारी चालू लागला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९५७ साली नवे पैसे आले, आणि १९५९ मध्ये हाली कायमचा बंद झाला. म्हणजे दोन वर्षं तरी आमच्या बाजारात हाली, जुने आणे आणि नवे पैसे, असे तीन हिशेब एकाच तागडीपाशी चालले असतील. वाण्याचं डोकं कसं ठिकाणावर राहिलं असेल, कोण जाणे!

आता नाण्याकडे वळू. १९०३ साली हैदराबादेत सैफाबादला यंत्रांची नवी टांकसाळ सुरू झाली, आणि त्याच सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर चारमिनार आला. १९११ साली ते वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. चारमिनार तसाच राहिला. पण त्याच्या मधल्या कमानीत, अगदी दारात, एक बारीक अक्षर असतं ते बदललं. महबूब यांचं ‘मीम’ गेलं आणि उस्मान यांचं ‘ऐन’ आलं. नाणं हातात आलं की भिंग घेऊन आधी हे दार पाहावं. दारात कोण उभं आहे ते कळलं, की निम्मं काम झालं.

हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, आणि ते कसं शिकवलं ते सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढे जाववत नाही.

वडील अंबाजोगाईला शिकले. तेव्हा त्या गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं आणि वरच्या वर्गांची पुस्तकं उर्दूत. १९४८ सालच्या उन्हाळ्यात ते वीस वर्षांचे असताना घर सोडून नगरकडच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले. त्या दिवसांतलं ते फारसं बोलत नसत. मात्र घरात निजामाचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. १९८४ साली मी एका भंगारवाल्याकडून चारमिनारचा एक रुपया घेऊन घरी आलो, तेव्हा त्यांनी तो उलटा-पालटा केला आणि म्हणाले, “हे कामून आणलंस घरात?” मी काही उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण मी नाणी काढून बसलो की ते उठून ओसरीवर जात.

असे सहा-सात महिने गेले असतील. एका संध्याकाळी मी मुलाला एका नाण्यावरचं साल मोठ्यानं वाचून दाखवत होतो. ओसरीवरून आवाज आला, “ते दोन नाही. तीन आहे. दोनाला एक खाच असते, तिनाला दोन.” निजामाचं नाणं घरात असणं त्यांनी कसंबसं सोसलं होतं, पण ते चुकीचं वाचलेलं त्यांना सोसवेना! ते आत आले, चष्मा लावला आणि त्या रात्री माझ्याजवळची सगळी नाणी त्यांनी एकेक करून वाचली. एक हे उभी रेघ. पाच गोलसर, पोटात पोकळ. सात म्हणजे वर तोंड केलेलं फावडं, आणि तेच पालथं घातलं की आठ. शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि अंक मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे, अक्षरं उजवीकडून डावीकडे.

नाण्यावर दोन सालं असतात, हेही त्यांनीच दाखवलं. एक हिजरी साल आणि दुसरं गादीवर बसल्यापासूनचं, जुलूसी. उस्मान अली खान हिजरी १३२९ मध्ये गादीवर आले, तेव्हा दोन आकड्यांत साधारण तेवढंच अंतर दिसायला हवं. एक साल झिजलं असेल तर दुसऱ्यावरून अंदाज बांधता येतो. हिजरी वर्ष आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून इसवी सन काढायला शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवावेत. समजा १३६१ आहे. शेकडा तीन म्हणजे जवळपास ४१. ते गेले, राहिले १३२०. त्यात ६२२ मिळवले की झालं १९४२. कडेला एक ९२ चा आकडा दिसेल, तो साल समजू नका. अक्षरांना आकडे मानण्याची एक जुनी रीत आहे, तिच्याप्रमाणे मुहंमद या नावाची ती बेरीज आहे. मी वर्षभर त्याला साल समजत होतो.

तर आता संचाविषयी. संच पुरा करायचा, असं आपण सहज म्हणून जातो. पण पुरा म्हणजे काय? प्रत्येक नाणं, प्रत्येक सालाचं, प्रत्येक अक्षराच्या फरकाचं, असं जर धरलं, तर माझी पेन्शन, माझ्या मुलाचा पगार आणि शेत विकूनही ते होणार नाही. उस्मान अली खान यांच्या पहिल्याच सालच्या रुपयावर दारातलं ‘ऐन’ अर्धवट आहे, पुढच्या सालापासून ते पुरं दिसतं. एवढ्याशा फरकासाठी लोक किती मोजतात, ते ऐकलं तर तुम्ही हसाल. आणि सोन्याची अशर्फी आहेच. तिच्या वाटेला जायचं नाही.

या बाबतीत अमेरिकेतली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. तिकडे बेसबॉल म्हणून खेळ आहे, चेंडू-फळीचाच, आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. १९०९ ते १९११ या काळात तिकडच्या सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची लहान लहान चित्रं घालत. आपण लहानपणी काडेपेट्यांवरची चित्रं जमवली, त्यातलाच प्रकार. त्या एका मालिकेत ५२४ चित्रं आहेत. त्यांतलं एक होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं. त्याचं छापणं लवकरच थांबलं, त्यामुळे ती चित्रं हाताच्या बोटांवर नव्हेत, पण फार थोडी उरली. २०२२ साली त्यांतलं एक साडेबहात्तर लाख डॉलरना गेलं! आणखी तीन चित्रंही अशीच दुर्मिळ आहेत. मग त्या छंदाच्या माणसांनी काय केलं? त्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की ही चार सोडून ५२० जमली की संच पुरा म्हणायचा. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. कुंपण आपणच घालायचं, आणि ते खरेदीला सुरुवात करण्याआधी घालायचं. नंतर घातलेलं कुंपण म्हणजे नुसती सबब.

मी माझं कुंपण असं घातलं. माझे आजोबा कोरडवाहू शेतकरी. बाजाराच्या दिवशी त्यांच्या कनवटीला जे नाणं असू शकलं असतं, ते माझ्या संचात. जे त्यांनी जन्मात पाहिलं नसतं, ते नको. आणि एका तऱ्हेचं एकच. साल कोणतंही चालेल. अशी मोजून तेरा घरं झाली. तांब्याच्या जातीचे तीन: एक पै, दोन पै आणि सहा पै, म्हणजे अर्धा आणा. आणे दोन: एक पांढऱ्या मिश्र धातूचा गोल आणि दुसरा १९४२ पासूनचा तांबूस, चौकोनी, गोलावलेल्या कोपऱ्यांचा. मग चांदीची चवली, पावली, अधेली आणि रुपया. त्यानंतर लढाईच्या काळातला कमी चांदीचा रुपया. आणि शेवटी निकेलची चवली, पावली, अधेली. यांतली काही नाणी हिजरी १३६८ ची मिळतात. ते वर्ष १९४८ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. म्हणजे सप्टेंबरात संस्थान पडल्यावरही टांकसाळ त्याच नावानं नाणी पाडत होती. वडिलांना मी हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ ते नाणं हातात धरून बसले. मग म्हणाले, “सरकार बदलतं एका दिवसात, टाक बदलायला वेळ लागतो.”

तेरांपैकी आठ-नऊ नाणी कोणालाही वर्षा-दोन वर्षांत मिळतील. निकेलची तर ढिगानं मिळतात. यात्रेत, आठवडी बाजारात, भंगारवाल्याकडे, पुण्याच्या जुन्या बाजारात, हैदराबादच्या जुमेरात बाजारात जुन्या नाण्यांचे ढीग असतात. सुटं नाणं मागितलं की विकणारा तुमच्या डोळ्यांकडे पाहून भाव सांगतो. ढीग घेतला तर त्याला कंटाळा येतो आणि तो किलोचा भाव करतो. ढिगात निम्मे इंग्रजी पैसे निघतील, दोन-चार पोर्तुगीजही निघतील. त्यांना नावं ठेवू नका. ती तुमच्या अदलाबदलीची पुंजी आहे. माझी सहा पै मला सोलापूरच्या एका शिक्षकबंधूकडून मिळाली ती चौदा भोकाच्या पैशांच्या बदल्यात. त्यांना ती १९४३ पासूनची भोकं हवी होती, मला सहा पै. दोघांनाही आपण फायद्यात राहिलो असं अजून वाटतं.

चांदीच्या नाण्याचा भाव करताना गणित आधी मनाशी करून जावं. जुना चांदीचा रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा, त्यात शेकडा ८१.८ चांदी, म्हणजे निव्वळ चांदी नऊ ग्रॅमच्या थोडी वर. अधेलीत त्याच्या निम्मी, पावलीत पाव. कमी चांदीच्या रुपयात निम्मीच चांदी, म्हणजे साडेपाच ग्रॅम. त्या दिवसाच्या भावानं याला गुणलं की तळ कळला. तळाच्या खाली कोणी देत असेल तर नाणं खोटं आहे असं समजा. तळाच्या फार वर मागत असेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानी जा. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. निकेलचं नाणं त्याला चिकटायला हवं आणि चांदीचं चिकटता कामा नये. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याची कड पाहा. तिथे जोडाची बारीक रेघ राहते आणि अक्षरं साबणासारखी बुळबुळीत दिसतात. मी असे दोन रुपये यात्रेत घेतले आहेत. दोन्ही संचाशेजारीच ठेवले आहेत, पाहुण्यांना दाखवायला.

झिजलेलं नाणं घ्यायला लाजू नका. व्यापारी आणि मोठे संग्राहक कोऱ्या नाण्यामागे असतात, त्याचा भाव दसपट. आपल्याला चारमिनार ओळखू यावा आणि साल वाचता यावं, एवढं पुरे. तसंच कडीचं नाणं. आमच्याकडे लमाणी तांड्यांवर बायका ओढणीला, चोळीला, गळ्यात नाणी लावत. त्यासाठी नाण्याला डाग देऊन कडी बसवलेली असते. संग्राहक अशा नाण्याकडे पाहत नाहीत, म्हणून ते चांदीच्या भावात मिळतं. माझी पावली कडीची आहे. कडी काढून घ्या, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. कशाला काढू? कोणाच्या तरी लग्नात ती वाजली असेल.

आणि नाणी घासू नका. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी घासलं आहे. पहिल्याच वर्षी मिळालेल्या दोन पैला मी देवाच्या उपकरणीसारखं चिंच आणि राख लावून लखलखीत केलं. नाणं नव्या तपेलीसारखं गुलाबी झालं, अक्षरांच्या कडा गेल्या आणि साल अर्धं पुसलं. साठ-सत्तर वर्षांत चढलेला तो तपकिरी रंग दहा मिनिटांत गेला, तो आता माझ्या हयातीत परत येत नाही. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवावं आणि मऊ फडक्यावर टिपावं, पुसू नये. ठेवायला कागदी पाकीट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं. ते चकचकीत प्लॅस्टिकचे कप्पे मिळतात, त्यांतले काही चार पावसाळ्यांत घाम सोडतात आणि नाण्यावर हिरवा चिकटा धरतो.

माझा सगळ्यात मोठा पुरवठा मात्र बाजारातून आला नाही, सराफाच्या पेढीवरून आला. मी आमच्या गावच्या सराफाशी एक करार केला होता. मोडीत आलेलं नाणं मुशीत जाण्याआधी मला दाखवायचं; हवं असलं तर मोडीचा भाव आणि वर दहा रुपये. दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात. पोरांना मागे ठेवून जाणाऱ्या बाया घरातलं किडुकमिडुक घेऊन पेढीवर येतात, तेव्हा नाणी निघतात. मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसे.

एकदा अशीच एक म्हातारी आली. फडक्यात तीन हाली रुपये. सराफानं वजन करून भाव सांगितला. त्यांतला एक माझ्याकडे नव्हता, आणि इतका कोरा रुपया मी तोवर पाहिला नव्हता. मी गप्प बसलो असतो, तर तो मला मोडीच्या भावात दहा रुपये वर देऊन मिळाला असता. मला गप्प बसवलं नाही. मी म्हणालो, “आजी, यातला हा एक मोडीत घालू नका, संभाजीनगरला किंवा पुण्याला याचे जास्त येतील.” म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मास्तर, पुन्याला जायला मला कोन नेतं? उद्या सकाळी ट्रक निघतोय.” शेवटी मी माझ्या अंदाजानं तिला पैसे दिले. पगारातले पुढच्या दोन महिन्यांचे गेले. माझा अंदाज बरोबर होता की नाही, ते मला अजूनही सांगता यायचं नाही. सराफ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचंही बरोबरच होतं.

स्वस्तात जमवायचं म्हणजे ज्याला भाव ठाऊक नाही त्याच्याकडून घ्यायचं, असा या छंदात एक सूर आहे. तो मला मान्य नाही. ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं त्याच्याशी घासाघीस जरूर करावी. ज्याला कमी कळतं त्याला आधी सांगावं. असं केल्यानं संचाला चार वर्षं जास्त लागतील. लागू द्यात.

जाता जाता कायद्याची गोष्ट. भिंतीत किंवा शेतात पुरलेलं घबाड सापडलं, तर ते आपलं होत नाही. १८७८ चा कायदा आहे: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन निघालं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात आणि परदेशी पाठवता येत नाहीत. कळवल्यावर नाणी जातात, म्हणून लोक गुपचूप आटवतात. आणि आटवल्यावर उरते ती नुसती चांदी, साल नाही की टांकसाळ नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. आपल्याकडचं नाणं काय आहे हे कळण्यासाठी आधी अशी नाणी पाहायची असतील, तर सहल म्हणून पोरांना तिथे न्यावं.

वडील १९९९ साली गेले. तोपर्यंत माझी अकरा घरं भरली होती. प्रत्येक नाणं त्यांनी एकदा वाचलेलं आहे आणि पाकिटावर त्यांच्या अक्षरांत साल लिहिलेलं आहे, हिजरी आणि इसवी दोन्ही. एक आणा वाचताना ते एकदा म्हणाले होते, की शाळेत असताना असा आणा त्यांच्याकडून हरवला होता आणि आजोबांनी त्यांना दोन दिवस बोलणं टाकलं होतं. एवढं एकच त्या नाण्यांबद्दल आपणहून बोलले. शेवटची दोन घरं मी एकट्यानं वाचायची होती. त्यांतलं एक, तो कमी चांदीचा रुपया, २००३ मध्ये मिळाला. पाकिटावर साल मी लिहिलं, आणि चुकलं नाही ना म्हणून तीनदा तपासलं. घरात विचारायला आता कोणी नव्हतं.

तेरावं घर चांदीच्या अधेलीचं. ती बाजारात मिळत नाही असं नाही. पण ज्या वेळी मिळाली त्या वेळी पैसे नव्हते आणि पैसे होते तेव्हा समोर आलेली खोटी निघाली. मग एका दिवाळीत धारूरकडे आत्याच्या घरी गेलो असताना लक्ष्मीपूजनाच्या ताटात मला ती दिसली. हळदी-कुंकवानं माखलेली, पण आकारावरून आणि जाडीवरून ओळखू आली. आत्याच्या लग्नात माझ्या आजोबांनी तिच्या हातावर ठेवलेली. म्हणजे कनवटीतलीच, अगदी खरोखरची! मी जरा आडून विचारलं. आत्या हसली. म्हणाली, “अरे, पूजेतली लक्ष्मी कुणी देतंय व्हय? तुझ्या बापानं पण मागितली होती एकदा.”

“दादांनी? कशाला?”

“तुझ्यासाठी. त्याला बी नाही दिली.”

आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. मी दर दिवाळीला जातो. ताटातली अधेली उचलून पाहतो आणि परत ठेवतो. साल वाचता येत नाही. इतक्या वर्षांचं कुंकू त्यावर बसलं आहे आणि ते पुसायचं नाही. माझ्या तेराव्या पाकिटात एक चिठ्ठी घालून ठेवली आहे: ‘अधेली, चांदी, साल अज्ञात. आत्याच्या देव्हाऱ्यात.’ मधे एका मित्रानं चांगली अधेली माफक भावात देऊ केली होती. मी ती घेतली, आणि सोलापूरच्या त्या शिक्षकबंधूंना पाठवून दिली. त्यांनाही अधेलीच हवी होती.